दोन वॅट

“कूलर बंद करावा लागेल,” माधवी म्हणाली.

चिंतामणराव पाठकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. अकोल्यातला मे महिना होता आणि दुपार. खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे नुसतं पाहिलं तरी डोळे चुरचुरत होते.

“बंद म्हणजे कितीसा वेळ?”

“ऐकून होईपर्यंत. पंखासुद्धा.”

“पंखासुद्धा.” चिंतामणरावांनी बायकोकडे पाहिलं. “कुंदा, उभा जन्म कोर्टात गेला माझा. खुनाच्या आरोपीलासुद्धा अशी शिक्षा झालेली पाहिली नाही मी.”

“तुम्ही आतल्या खोलीत जाऊन पडा,” कुंदाताई म्हणाल्या. “निकाल लागला की हाक मारते.”

कूलरसमोर रबरी चपलांचा एक जोड ठेवलेला होता. कुंदाताईंनी त्यात पाय सरकवले, कूलरचं बटण बंद केलं आणि चपला पुन्हा होत्या तशा मांडून ठेवल्या. माधवीने ते पाहिलं, पण तिचं लक्ष टेबलावरच्या आपल्या डबीकडे होतं. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांमधून ठिबकणारं पाणी हळूहळू थांबलं. पंख्याची पाती सावकाश फिरत शेवटी थबकली. मग खोलीत एकदम शांतता पसरली आणि तिच्या पाठोपाठ उकाडा.

डबी म्हणजे माधवीने बनवलेला अँप्लिफायर. जेवणाच्या डब्याच्या एका कप्प्याएवढा, अ‍ॅल्युमिनियमचा, पुढे एकच गोल बटण. डबी हे नाव तिच्या वडिलांनी, जानरावांनी ठेवलेलं. ते आत्ता दिवाणाच्या कडेला बसले होते, मांडीवर रिकामी कापडी पिशवी घेऊन. अमरावतीहून बसमध्ये ती डबी त्यांनी मांडीवरच धरून आणली होती. मूर्तिजापूरला शेजारच्या बाईने विचारलंसुद्धा, “लाडू हायेत का काका?”

“किती ताकदीचं आहे म्हणालात?” आत जाता जाता चिंतामणरावांनी विचारलं.

“दोन वॅट.”

“आमच्या जिन्यातला दिवा नऊ वॅटचा आहे.”

“टेबलावर ऐकायला दोनही जास्त होतात, काका. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाशी आपण ओरडून बोलत नाही ना.”

“ही बोलते,” असं म्हणून ते आत गेले.

कुंदाताई हसल्या नाहीत. त्या कामाला लागल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचं हेच काम होतं. अंध विद्यार्थ्यांसाठी परतवाडा, दर्यापूर, पातूर, कुठून कुठून माणसं पाठ्यपुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून पाठवायची. ते सगळं वाचन कुंदाताई या टेबलाशी बसून शब्द न् शब्द ऐकायच्या. खोकला काढायच्या, अडखळलेलं काढायच्या, चुकीचं वाचलेलं पुन्हा मागवायच्या. कानाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी हेडफोन बंद केला, तेव्हापासून समोर दोन लहान स्पीकर ठेवून ऐकणं चाललं होतं. आता शहरातल्या एका वाचनालयात अंध विद्यार्थ्यांसाठी टेबलं मांडली जाणार होती. दोन्ही कान झाकले की भोवतालचं जगच बंद होतं, म्हणून त्या मुलांनाही हेडफोन नको होता. प्रत्येक टेबलावर लहान स्पीकर आणि लहान अँप्लिफायर लागणार होता. कोणता, ते ठरवणं विश्वस्तांनी कुंदाताईंवर सोडलं होतं, आणि सोमवारी त्यांना नाव सांगायचं होतं.

माधवी अमरावतीला टीव्ही दुरुस्तीच्या एका केंद्रात सोळा वर्षं होती. ते केंद्र बंद पडलं. तेव्हापासून ती घरच्या टेबलावर हीच एक डबी पुन्हा पुन्हा बनवत होती. ओळखीच्यांनी घेतल्या, छान आहे म्हणाले, आणि टीव्हीखाली ठेवून दिल्या. तिच्यासमोर बसून, कान लावून, चांगली की वाईट हे सांगणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. कुंदाताई ते सांगणार होत्या. म्हणून तर तिच्या तळहातांना घाम आला होता, आणि तो उकाड्याचा नव्हता.

“आधी काही लावायचं नाही,” कुंदाताई म्हणाल्या. “नुसतं सुरू करायचं. बटण पूर्ण वर. बरोबर?”

“बरोबर.” माधवीला बरं वाटलं. हेच तिने स्वतः सांगितलं असतं.

पहिल्यांदा त्यांनी महिनाभर वापरत असलेला विकतचा अँप्लिफायर लावला. चांगला मोठा होता, पन्नास वॅटचा. स्पीकरमधून बारीक सूं येऊ लागली, दूर कुठे स्टोव्ह पेटलेला असावा तशी.

“हे मला माहीत आहे,” कुंदाताई म्हणाल्या. “वाचणारा थांबला की हे सुरू. आता तुमचं.”

माधवीने कॉम्प्युटरकडून येणारी वायर काढून डबीला जोडली. बटण वर नेलं.

घूं.

ती दोन पावलं दूर उभी होती, तिथवर ते आलं. बारीक नव्हतं, जाड होतं. बंद दाराआड कोणी एकच स्वर धरून बसावं तसं.

कुंदाताईंनी डावा, चांगला कान स्पीकरजवळ नेला. बराच वेळ ऐकलं. मग सरळ बसल्या.

“लागलं का?” जानरावांनी मोठ्याने विचारलं. ते नेहमी मोठ्यानेच बोलत. आयुष्यभर दर्यापूर तालुक्यातल्या लग्नांत, जयंतीच्या कार्यक्रमांत त्यांनी भोंगे लावले होते, आणि त्या भोंग्यांनी हळूहळू त्यांचे कान नेले होते. माधवीची आई केशरबाई त्यांच्याशी घरात जे बोलायची ते शेजारपाजारच्या तीन घरांना कळायचं. शांततेची ओढ माधवीला त्या घरातच लागली असावी.

“नाही, बाबा,” माधवी म्हणाली.

“खरं सांगू?” कुंदाताईंनी कपाळावरचा घाम पदराने टिपला. “तो शिट्टी मारतो, पण शिट्टीची सवय होते. हे तुमचं गुणगुणतं. माणसाच्या आवाजाच्या तळाशीच ते बसतं. ‘ऊ’ म्हटलं की कुठला ‘ऊ’ वाचणाऱ्याचा आणि कुठला याचा, कळायचं नाही.”

बाई बरोबर सांगत होत्या, हे माधवीला कळत होतं. पण अमरावतीला ती रोज पहाटे याच डबीला कान लावून बसली होती, आणि स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. तिने वायर बदलली. घूं. प्लग उलटा करून लावला. जरा कमी, पण घूं. गोल बटणाला बोट लावलं की आवाज दबायचा, बोट काढलं की पुन्हा वर. ती ते दोनतीनदा करून पाहत राहिली.

कुंदाताई घामाघूम झाल्या होत्या, तरी पंख्याचं नाव काढत नव्हत्या. शेवटी त्याच उठल्या आणि पन्ह्याचे पेले घेऊन आल्या.

“एवढ्या उन्हाच्या आलात तुम्ही. घ्या. मी सोमवारनंतर कळवते.”

कळवते. हा शब्द माधवीच्या चांगल्या ओळखीचा होता. त्याच्यापुढे कधी काही येत नसे.

“निकाल लागला वाटतं,” चिंतामणराव दारात येऊन उभे राहिले. त्यांचा बनियन भिजून अंगाला चिकटला होता. “आता आरोपीला वारा मिळेल का?”

जानरावांनी मुलीचा चेहरा पाहिला होता. त्यांना आणखी काही ऐकायची गरज नव्हती. त्यांनी पिशवी झटकली आणि उठताना आधारासाठी कूलरच्या पत्र्यावर हात टेकला. टेकला तसा मागे ओढला.

“चावून राह्यला ना बापा हा.”

“चप्पल घालून हात लावायचा, जानराव,” चिंतामणराव म्हणाले, मग आवाज चढवून पुन्हा म्हणाले. “चप्पल! त्यासाठीच ठेवली आहे तिथं. उन्हाळ्यात जरा झटकतो तो.”

“झटकते? मले वाटलं विंचू हाये. वकीलसायेब, तुमी विंचू पाळून त्याच्यापुढं चप्पल ठेवून देली.”

माधवीने पेला ओठांशी नेला होता. तो तिने तसाच खाली ठेवला.

“कूलर बंद आहे,” ती म्हणाली.

“बंदच आहे. तुम्हीच करायला लावला.”

“मग झटकतो कशाने?”

माधवी टेबलाखाली वाकली. कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या अंगाला तिने बोटांची मागची बाजू अलगद लावली. मुंग्या आल्या. बारीक, पण आल्या.

“ताई, याच्या झिणझिण्या कधीपासून येतात?”

“तो मला होळीपासून त्रास देतो,” कुंदाताई म्हणाल्या. “दिवाळीत नव्हता. म्हटलं, माझ्यासारखाच जुना झालाय तो.”

दिवाळीत नव्हता. होळीपासून आहे.

माधवीच्या डोळ्यांसमोर एक लोखंडी खुटी आली. दर्यापूरकडचं कुठलंही गाव, उन्हाळ्यातलं लग्न. कडुनिंबावर भोंगा बांधलेला. मांडवाच्या कोपऱ्यात टेबलावर बाबांचं मोठं मशीन, आणि त्याची एक वायर मांडवाबाहेर जमिनीत ठोकलेल्या खुटीला. काळी माती उन्हाने फाटते. खुटीभोवती बोट जाईल एवढी जागा पडते. मग खुटी जमिनीत असते, पण जमीन खुटीला धरत नाही. भोंगा घोगरा व्हायला लागला की बाबा मशीनवरून ओरडायचे, “माधवे, खुटीले पाणी दे व.” नवरानवरी, वऱ्हाडी, जेवणं, तिने काहीच कधी धड पाहिलं नव्हतं. ती तांब्या घेऊन खुटीशी बसायची. बाबांनी तळहात वर केला की ओतायचं, मूठ मिटली की थांबायचं. एवढ्या गोंगाटात हाक कुठे ऐकू येणार.

आणि अमरावतीच्या तिच्या घरी अर्थिंगचा खड्डा मोरीच्या तोंडाशी होता. तो बारा महिने ओला असायचा. म्हणून तिथे डबी गप्प होती. इतकी वर्षं विजेचं काम करून तिला हे आठवू नये, याचंच तिला नवल वाटलं.

तिने पर्समधून मीटर काढला. त्याच्या दोन सुया भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावल्या, एक न्यूट्रलमध्ये, दुसरी वरच्या मोठ्या भोकात, जिथे जमिनीची वायर येते.

“हे बघा, ताई. इथे दोन किंवा तीन व्होल्ट दिसायला पाहिजे.”

कुंदाताईंनी चष्मा सावरला. “इथे तर एकाहत्तर आहे.”

“घरातल्या सगळ्या पत्र्यांची वायर जमिनीत जाते. पण जमिनीने तिचा हात सोडलाय. कॉम्प्युटरमधून जो थोडा करंट झिरपतो त्याला खाली जायला वाट नाही. तो कूलरच्या पत्र्यावर येतो, आणि या वायरने माझ्या डबीत येतो. तेच गुणगुणतंय. तुमचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?”

चिंतामणरावांनी पहिल्यांदाच विनोद केला नाही. “मागे. लिंबाच्या पलीकडे.”

खड्ड्यावरचं सिमेंटचं झाकण जानरावांनी उचललं. आत माती भाजलेल्या विटेसारखी झाली होती आणि आत पुरलेल्या अर्थिंगच्या नळीपासून सुटून चारी बाजूंनी मागे सरकली होती. भेगेत जानरावांचा अख्खा पंजा गेला असता.

“इथं पाणी येत नाही का कुठलं?” माधवीने विचारलं.

“यायचं,” कुंदाताई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे पाहू लागल्या.

“मोरीचं यायचं,” चिंतामणराव म्हणाले. “मागच्या वर्षी मी ते वळवलं. लिंबाला.” मग थोडं थांबून, “लिंबं फार छान आली.”

“मग पन्ह्याऐवजी सरबत द्यायचं होतं,” माधवी म्हणाली, आणि आज पहिल्यांदाच कुंदाताई हसल्या. ती पुढे म्हणाली, “हसण्यावारी नेऊ नका पण. उद्या वायरमन बोलवून खड्डा नीट भरून घ्या. तोवर कूलर लावू नका. आज नुसत्या झिणझिण्या आहेत. कूलरची वायर कुठे खराब झाली तर चप्पल पुरणार नाही.”

चिंतामणरावांनी मान डोलावली. ते स्वतः नळावर बादली भरायला गेले.

पहिली बादली भेगेत गेली आणि गुडगुड करत दिसेनाशी झाली. दुसरीही गेली. ओल टिकावी म्हणून, माधवीच्या सांगण्यावरून, कुंदाताईंनी स्वयंपाकघरातून खडेमिठाची बरणी आणून दिली, जानरावांनी ती मूठमूठ पसरली. मग तांब्या घेऊन ते खड्ड्याशी उकिडवे बसले. डोक्यावर रुमाल, समोर भरलेली बादली.

“तू आत जाय,” ते म्हणाले. “मले हात दाखवजो. मालूम हाये ना?”

“मालूम हाये, बाबा.”

ती आत आली. खिडकीतून तळहात वर केला. अंगणात जानरावांनी तांब्या कलता केला.

मीटरवर एकाहत्तर होतं. बराच वेळ तेच राहिलं. मग पासष्ट. मग चाळीस झालं, पुन्हा चढून पंचेचाळीस. माधवीने तळहात वरच ठेवला होता. कुंदाताई तिच्या खांद्यावरून आकडा पाहत होत्या. अठरा. अकरा. मग तो आकडा उतरणीला लागलेल्या सायकलसारखा आला आणि तीनवर टेकला.

माधवीने डबीचं बटण वर नेलं. शेवटपर्यंत.

दूर गल्लीत एक रिक्षा गेली, तिचा आवाज आला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आली. स्पीकरमधून काही आलं नाही.

कुंदाताईंनी कान जवळ नेला. आणखी जवळ नेला. शेवटी स्पीकरच्या जाळीला त्यांचा कान लागला.

“सुरू आहे ना?”

“सुरू आहे. पण थांबा, ताई. तो दुसराही पुन्हा ऐका. त्याच्यावर अन्याय नको. मघाशी तोही याच जमिनीवर होता.”

कुंदाताईंनी तिच्याकडे एकवार नीट पाहिलं. मग विकतचा अँप्लिफायर जोडला. सूं तशीच होती. ती जमिनीची नव्हती, त्याची स्वतःची होती.

“तो मोठ्या हॉलसाठी चांगला असेल,” माधवी म्हणाली. “जेवढं आत येईल तेवढं खूप मोठं करायचं हे त्याचं काम. त्यात ही सूंही मोठी होते. मी फार मोठं करतच नाही. टेबलापुरतंच करते.”

“आता वाचन लावू.” कुंदाताईंनी डबी पुन्हा जोडली आणि एक फाइल उघडली. त्यांचं स्वतःचंच वाचन होतं, नववीचं भूगोलाचं पुस्तक, तपासून, पक्कं करून ठेवलेलं. त्यांचा आवाज खोलीत आला, जणू दुसरी कुंदाताई टेबलापलीकडे येऊन बसली. ‘दख्खनच्या पठारावरील काळी मृदा,’ ती म्हणाली आणि स्वल्पविरामाला थांबली. त्या थांबण्यात ओठ उघडल्याचा बारीकसा आवाज होता. पान उलटलं, तेव्हा कागदाची कड बोटावरून सरकलेली कळली. परिच्छेद संपला. मग त्या मोकळ्या जागेत, दूर, संथ, नियमित काहीतरी आलं.

कुंदाताईंनी फाइल थांबवली, थोडी मागे नेली, पुन्हा लावली.

“अहो,” त्यांनी हाक मारली. “इकडे या.”

चिंतामणराव आले. ऐकलं.

“कूलर असेल,” ते म्हणाले.

“जानेवारीतलं आहे हे.”

“मग जानेवारीतला कुत्रा.”

“तुम्ही घोरताय. संपूर्ण तिसऱ्या प्रकरणात तुम्ही घोरताय, आणि हे मी अठ्ठावीस मुलांना पाठवलंय.”

“मुलांनी तक्रार केली का?” चिंतामणरावांनी विचारलं. “नाही ना? भूगोलाला ते चालतं.”

कुंदाताईंनी पुढे ऐकलं. माधवी उभीच होती. ‘ऊस’ आला, ‘पूर्णा’ आली, ‘दूरवर’ आलं, आणि प्रत्येक ‘ऊ’ कोरडा, स्वच्छ, वाचणारीचा एकटीचा होता. जरा वेळाने कुंदाताईंनी बटण खाली घेतलं.

“महिनाभर मी त्या दुसऱ्यावर ऐकतेय,” त्या म्हणाल्या. “रात्री कान भणभणायचे. वाटायचं, ऑपरेशन नीट झालं नाही.” त्यांनी डबीच्या कडेवरून बोट फिरवलं. “सोमवारपर्यंत थांबायला नको. सगळ्या टेबलांवर हेच बसवायचं, असं मी आजच फोनवर सांगते. फक्त एक. बसवायला तुम्ही स्वतः यायचं.”

“येईन,” माधवी म्हणाली. “आधी तिथला खड्डा पाहीन.”

“ते मी विश्वस्तांना बजावून ठेवतो,” चिंतामणराव म्हणाले. “आणि तिथे लिंबू आहे का, तेही विचारतो.”

तेव्हा कुठे माधवीला बाबांची आठवण झाली. ती खिडकीशी गेली. जानराव उन्हात तसेच उकिडवे बसले होते. त्यांच्याजवळ एक बादली आडवी पडली होती, दुसरी तळाला गेली होती, आणि डोळे खिडकीवर लावून ते एका धारेत पाणी सोडत होते. तिने मूठ मिटून वर धरली.

त्यांनी तांब्या सरळ केला.

ती अंगणात गेली. त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता.

“गेला का आवाज?”

“गेला, बाबा. त्याइनं घेतली. सगळ्या टेबलांवर आपलीच डबी राहीन.”

तिने हे मोठ्याने, तोंड त्यांच्यासमोर धरून सांगितलं. जानरावांनी तिचे ओठ वाचले आणि उठले. गुडघे धरले गेले होते, तिच्या खांद्याचा आधार घेतला. आत आल्यावर कुंदाताईंनी खुर्ची पुढे केली आणि स्वतः बाजूला झाल्या. जानराव टेबलाशी बसले. माधवीने बटण शेवटपर्यंत वर नेलं. त्यांनी आधी एक कान लावला, मग मान वळवून दुसरा लावला, जसा कुंदाताईंनी लावला होता तसाच, आणि तितकाच वेळ.

“मले तं काईच आयकू येऊन नाई राह्यलं,” शेवटी ते म्हणाले.

“आम्हालाही नाही,” कुंदाताई म्हणाल्या. जानरावांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून माधवीने पुन्हा सांगितलं. “कोनालेच नाही येत, बाबा.”

जानरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांचा सगळा चेहरा हसला.

“मंग जमलं,” ते म्हणाले.

पिशवी काखेत मारून ते पुन्हा अंगणात गेले, तांब्यात उरलेलं पाणी त्यांनी लिंबाला घातलं, आणि तांब्या उपडा करून पायरीवर ठेवला.